चंदन, कोकीळ आणि बांडगूळ : परजीवी नेमके कोणाला म्हणावे?

चंदनाचे झाड परजीवी आहे. ज्याचे गंध आपण देवाच्या कपाळी लावतो आणि ज्याच्या झिजण्याची उपमा परोपकारी माणसाला देतो, तेच झाड जमिनीखाली शेजारच्या झाडांच्या मुळांना आपली मुळे भिडवून त्यांतील पाणी, क्षार आणि काही प्रमाणात तयार अन्नद्रव्येही ओढून घेत असते. विदर्भात ज्या शेतकऱ्यांनी चंदनाची लागवड केली आहे, त्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. रोपवाटिकेतून चंदनाचे रोप येते तेच मुळी सोबतीच्या रोपासह, आणि शेतात लावल्यावरही जवळ आधी तूर व पुढे करंज, शिरीष किंवा कडुनिंब यांसारखे दीर्घकाळ टिकणारे झाड नसेल, तर चंदन पिवळे पडून खुरटते. या सोबतीच्या झाडाला यजमान झाड म्हणतात.

आता बांडगुळाकडे पाहू. नागपूर परिसरातील जुन्या आंब्यावर किंवा मोहावर, झाडाच्या स्वतःच्या पानांपेक्षा वेगळ्या हिरव्या रंगाचा एखादा भरगच्च झुबका फांदीला लटकलेला दिसतो, तो बहुधा बांडगुळाचा असतो. त्याची पाने हिरवी आहेत, याचाच अर्थ सूर्यप्रकाशापासून स्वतःचे अन्न बऱ्याच अंशी ते स्वतःच तयार करते. म्हणजे यजमानाकडून घेण्याच्या बाबतीत चंदन आणि बांडगूळ यांत फारसा फरक नाही. तरीही मराठीत एक शब्द गौरवाचा आणि दुसरा अपमानाचा झाला. एकाची चोरी जमिनीखाली चालते आणि दुसऱ्याची डोळ्यांसमोर, एवढेच त्याचे कारण असावे असे मला वाटते. निसर्गातील परजीवन समजून घ्यायचे असेल, तर आधी ही मान-अपमानाची वाटणी बाजूला ठेवावी लागते, आणि ते समजल्यावर माणसांसाठी हा शब्द वापरताना आपण काय करतो, हेही अधिक स्पष्ट दिसू लागते.

जीवशास्त्रात परजीवी ठरण्यासाठी काही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. दोन वेगळ्या जातींच्या सजीवांत निकटचा आणि काही काळ टिकणारा संबंध असला पाहिजे, त्या संबंधातून एकाला अन्न किंवा तत्सम लाभ मिळाला पाहिजे, आणि त्याच कारणाने दुसऱ्याचे मोजता येईल असे नुकसान झाले पाहिजे. यांपैकी एकही अट गळली की नाते बदलते. ताडोबातील वाघ चितळाला खातो, पण तो चितळाचा परजीवी नाही. तो शिकारी आहे, कारण त्याचा आणि चितळाचा संबंध काही क्षणांचा असतो आणि आयुष्यभरात त्याला अशी अनेक जनावरे मारावी लागतात. त्याच चितळाच्या कानामागे चिकटलेली गोचीड मात्र परजीवी आहे, कारण तिचे पोषण एका किंवा मोजक्या जनावरांवर होते आणि ते जनावर निदान काही काळ जिवंत राहण्यातच तिचा लाभ असतो. नुकसान मोजायचे म्हणजे यजमानाची वाढ किती खुंटली, त्याला फुले-फळे किंवा पिल्ले किती कमी झाली, तो किती लवकर मेला, हे तशाच पण परजीवी नसलेल्या सजीवाशी ताडून पाहायचे.

नुकसानाची अट विसरल्यामुळे निष्पाप वनस्पतींवरही आळ येतो. विदर्भातील मोहाच्या आणि आंब्याच्या खोडांवर जाड, चिवट पानांची अमरी (ऑर्किड) वाढते, आणि तिला बांडगूळ समजून उपटून टाकणारे लोक पुष्कळ आहेत. वास्तविक अमरीची मुळे सालीच्या आत शिरत नाहीत. ती पावसाचे पाणी, हवेतील ओलावा आणि सालीच्या खाचांत साठलेला पालापाचोळा यांवर जगते, आणि झाडाकडून तिला फक्त उंची व आधार मिळतो. जुन्या झाडाच्या बेचक्यात उगवलेला पिंपळ पुढे त्या झाडाला वेढून मारूही शकतो, परंतु तोही परजीवी नाही. तो प्रकाश आणि जागा यांसाठी झुंजणारा प्रतिस्पर्धी आहे आणि स्वतःची मुळे जमिनीपर्यंत पोहोचवून स्वतःचेच खातो.

परजीवी असणे हे एखाद्या घराण्याचे लक्षण नसून ती जगण्याची रीत आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सपुष्प वनस्पतींत सुमारे साडेचार हजार जाती परजीवी आहेत आणि ही रीत त्यांच्यात एकदाच नव्हे तर जवळजवळ बारा वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली असे संशोधक मानतात. प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे ४० टक्के परजीवी असाव्यात, असाही एक अंदाज आहे.

बांडगुळाचे जीवन तपशिलाने पाहण्यासारखे आहे. त्याची नळीसारखी फुले मधासाठी सूर्यपक्ष्यांना बोलावतात आणि त्यांच्याकडून परागीभवन करवून घेतात. फळ पिकले की फुलटोचा नावाचा, चिमणीहूनही लहान पक्षी ते गिळतो. फळातील बीभोवती अतिशय चिकट गर असतो आणि तो पोटातून बाहेर पडतानाही चिकटच राहतो, त्यामुळे पक्ष्याला ते बी फांदीवर घासून सोडवावे लागते. बी नेमके जिथे रुजायला हवे तिथेच लावले जाते ते असे. कोकणात सलीम अली यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी या पक्ष्यांचा आणि बांडगुळाचा संबंध बारकाईने अभ्यासला होता. बी रुजल्यावर त्यातून निघणारे शोषकमूळ सालीतून आत शिरते आणि फांदीच्या जलवाहिन्यांशी जोडले जाते. तेथून वर चढणारे पाणी व क्षार बांडगूळ आपल्याकडे वळवते, म्हणून बांडगुळाच्या पुढचा फांदीचा भाग हळूहळू बारीक होऊन वाळतो. आमराईत असे झुबके वाढले तर उत्पन्न निश्चित घटते. त्यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे फळे पिकण्यापूर्वी, बांडगूळ जिथे चिकटले आहे त्याच्या बऱ्याच अलीकडून फांदी कापणे. नुसता झुबका ओढून काढला तर सालीत उरलेल्या भागातून तो पुन्हा फुटतो.

परंतु याच बांडगुळाच्या पानांवर हळदीकुंकू हे फुलपाखरू अंडी घालते. पंखांच्या खालच्या बाजूस हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल रंग असलेले हे फुलपाखरू नागपूरच्या बागांतून सहज दिसते, आणि त्याच्या सुरवंटांचे पोषण बांडगुळांच्या कुळातील वनस्पतींवर होते. ज्या परिसरातून बांडगूळ पूर्णपणे काढून टाकले जाईल, तेथून हळदीकुंकूही जाईल. ऑस्ट्रेलियात यासंबंधी एक मोठा प्रयोग झाला असून त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. काही रानांतून तेथील बांडगुळे काढून टाकली आणि काही रानांत ती तशीच ठेवली. तीन वर्षांनंतर, बांडगुळे काढलेल्या रानांतील पक्ष्यांच्या जाती सरासरीने सुमारे एक पंचमांश घटल्या होत्या. याचे एक कारण असे सांगितले जाते की, झाडे पाने गाळण्यापूर्वी त्यांतील पोषकद्रव्ये परत ओढून घेतात, तर बांडगूळ तसे फारसे करत नाही. त्यामुळे त्याची सकस पाने जमिनीवर पडून माती, किडे आणि किडे खाणारे पक्षी या सर्वांना पोसतात. एका झाडाचा तोटा हा संपूर्ण रानाचा तोटा असतोच असे नाही, आणि आमराईतील हिशोब रानाला लावता येत नाही.

अमरवेलीची गोष्ट वेगळी आहे. बोरी-बाभळींवर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे टाकल्यासारखी दिसणारी ही वेल खऱ्या अर्थाने परावलंबी आहे, कारण तिला पाने जवळजवळ नाहीत, हरितद्रव्य नाममात्र आहे आणि यजमानाला वेढा घातल्यावर तिचा जमिनीशी असलेला संबंधही तुटतो. बी रुजल्यानंतर थोड्याच दिवसांत यजमान सापडला नाही तर कोंब मरतो. हा कोंब यजमान कसा शोधतो, याचे उत्तर अमेरिकेतील संशोधकांनी २००६ मध्ये दिले. तेथील अमरवेलीचे कोंब टोमॅटोच्या रोपातून हवेत पसरणाऱ्या गंधद्रव्यांच्या दिशेने वळत होते, आणि गहू व टोमॅटो असे दोन पर्याय दिल्यावर टोमॅटोकडे झुकत होते. ज्वारीचा जुना शत्रू असलेला टारफुला (ज्वारीच्या मुळांवर जगणारे तण) याहून धीराचा आहे. त्याचे धुळीसारखे बारीक बी जमिनीत अनेक वर्षे निपचित पडून राहते आणि ज्वारीच्या मुळांतून पाझरणाऱ्या विशिष्ट रसायनांचा स्पर्श झाल्यावरच रुजते. पीक मान टाकू लागते तेव्हा टारफुला अजून जमिनीच्या वरही आलेला नसतो, म्हणून शेतकऱ्याला पहिली शंका पाण्याच्या ताणाची येते.

माणसाच्या शरीरातील परजीवींचे सर्वांत बोधक उदाहरण पूर्व विदर्भाला दुर्दैवाने फार जवळचे आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात हत्तीरोग दीर्घकाळ ठाण मांडून आहे. त्याला कारणीभूत असणारे धाग्यासारखे कृमी माणसाच्या लसिकावाहिन्यांत अनेक वर्षे जगतात आणि त्यांची मादी लाखो सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडते. ही पिल्ले दिवसा मुख्यतः फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री उशिरा त्वचेजवळच्या रक्तात येतात, कारण त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. हत्तीरोगाचे पथक रक्ताचा थेंब घेण्यासाठी रात्रीच दारात का येते, असा प्रश्न अनेक नागपूरकरांना पडलेला असतो, त्याचे उत्तर हेच आहे. दुपारी घेतलेल्या नमुन्यात लागण असूनही काहीच न दिसण्याची शक्यता असते. बहुतेक बाधितांना वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण जाणवत नाही, म्हणून धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही सामूहिक औषधोपचार मोहिमेत गोळ्या घेण्याचा आग्रह केला जातो. ‘मला काही झालेले नाही, मग गोळी कशाला’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे समजून घ्यावे की, हा कृमी प्रौढ होऊन पिल्ले देतो तो फक्त माणसाच्याच शरीरात. रक्तातील पिल्ले संपली की डासाला वाहून नेण्यासारखे काही उरत नाही आणि साखळी तुटते.

अशी साखळी तुटल्याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. वयस्कर मराठी वाचकांना नारू आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीतील पाण्यात असलेल्या सूक्ष्म जलचरांच्या पोटातून त्याच्या अळ्या माणसाच्या शरीरात जात, आणि सुमारे एका वर्षाने जवळजवळ मीटरभर लांबीचा कृमी पायाच्या त्वचेतून बाहेर पडू लागे. आग शमवण्यासाठी रुग्णाने पाय पाण्यात बुडवला की कृमी तेथेच पुन्हा अळ्या सोडत असे. या रोगावर लस नव्हती आणि त्याला मारणारे औषधही नव्हते. तरीही पाणी कापडाने गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे किंवा बदलणे आणि प्रत्येक रुग्णावर लक्ष ठेवणे एवढ्या बळावर भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर केला. परजीवीचा खरा दुबळेपणा कोठे असतो, हे यातून कळते. तो एकाच वाटेवर विसंबून असतो आणि ती वाट अडवता येते.

परजीवन माणसाच्या उपयोगी पडते तेही सांगायला हवे. कापसावरील बोंडअळीसाठी विदर्भातील शेतकरी ट्रायकोकार्ड वापरतात. त्या कार्डावर ट्रायकोग्रामा नावाच्या, मिलिमीटरभरही लांबी नसलेल्या गांधीलमाशीसारख्या कीटकाने ग्रासलेली हजारो अंडी चिकटवलेली असतात. कार्डाच्या पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूस लावल्या की त्यांतून बाहेर पडणाऱ्या माद्या बोंडअळीच्या अंड्यांत आपली अंडी घालतात आणि अळी जन्मण्यापूर्वीच आतून खाल्ली जाते. येथे यजमान हमखास मरतो, म्हणून शास्त्रज्ञ या प्रकाराला नेहमीच्या परजीवनापासून वेगळे काढतात. मात्र कार्ड लावल्यानंतर लगेच रासायनिक फवारणी केली तर हे मित्रकीटकच आधी मरतात.

आणि कोकीळ? ती आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या तोंडी, कावळ्यांच्या विणीच्या काळात, काळा नर कावळ्यांना आपल्या मागे पळवतो आणि तेवढ्यात ठिपकेदार मादी अंडे घालून निघून जाते. तिचे अंडे कावळ्याच्या अंड्यांच्या आधी उबते, त्यामुळे पिल्लाला खाणे मागण्यात आघाडी मिळते. युरोपातील कोकिळेचे पिल्लू जसे यजमानाची अंडी-पिल्ले घरट्याबाहेर ढकलते, तसे आपल्या कोकिळेचे पिल्लू सहसा करत नाही, पण कावळ्याच्या पिल्लांच्या वाट्याचे अन्न ते घेते आणि नुकसान होतेच. ‘पेरते व्हा’ असा सांगावा देणारा म्हणून शेतकऱ्याला प्रिय असलेला पावशा सातभाईंच्या घरट्यात हेच करतो. यांपैकी कोणालाही मराठी माणसाने परजीवी म्हणून हिणवलेले नाही. कोकिळेचे कूजन गोड लागते, पावशाची हाक पेरणीची आशा घेऊन येते, आणि कष्टाने पिल्ले पोसणारा कावळा मात्र म्हणींमध्ये लबाडच राहिला.

येथून आपण भाषेत शिरतो. रोजच्या बोलण्यात बांडगूळ, गोचीड, जळू, ऐतखाऊ, ‘आयत्या बिळावर नागोबा’ अशा शब्दांची मराठीत कमतरता नाही, आणि त्यांपैकी काही फार जुने आहेत. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात गोचिडाचा दृष्टांत येतो. गाईच्या सडाच्या कातडीआड पवित्र आणि गोड दूध असूनही गोचीड ते सोडून अशुद्ध रक्तच पिते, असे त्याचे तात्पर्य आहे. दृष्टांत म्हणून तो अप्रतिम आहे, कारण तो माणसाला त्याच्या निवडीबद्दल जागे करतो. मात्र निवड ही गोष्ट दृष्टांत ऐकणाऱ्या माणसापाशी असते, गोचिडापाशी नसते. तिच्या मुखापासून आतड्यापर्यंतची सगळी घडणच रक्तासाठी झालेली आहे. परजीवी सजीवाची उपमा माणसाला देताना आपण नकळत दोन उलट गोष्टी एकत्र करतो. माणसाकडे निवड आहे म्हणून त्याला दोष देतो, आणि त्याच वेळी त्याचा स्वभावच तसा आहे, तो बदलणार नाही, असेही सुचवतो.

नागपूरच्या मारबत मिरवणुकीत हे दोन्ही प्रवाह एकत्र वाहताना दिसतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे स्त्रीरूपातील मोठे पुतळे, जुन्या नागपुरातून निघतात, आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ अशी हाक देत लोक रोगराई, डास, ढेकूण अशा सगळ्या त्रासांना तिच्यासोबत गावाबाहेर धाडतात. सोबत निघणाऱ्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषरूपातील पुतळ्यांवर, महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षीचा एखादा गैरव्यवहार यांचे फलक असतात. म्हणजे रक्त पिणारा ढेकूण आणि पैसा खाणारा माणूस एकाच रांगेत उभे केले जातात. या प्रथेविषयी मला मनापासून आदर आहे, आणि त्याचे मुख्य कारण असे की बडग्यावर सहसा एखादे कृत्य लिहिलेले असते आणि राग त्या कृत्यावर निघतो. एखाद्या समाजाला किंवा माणसांच्या संपूर्ण गटालाच कीड ठरवले जाते, तेव्हा मात्र ही उपमा भयंकर वळण घेते.

त्याचा इतिहास युरोपात नोंदलेला आहे. परजीवी या अर्थाचा ग्रीक शब्द मुळात माणसासाठीच होता. दुसऱ्याच्या पंक्तीला बसून जेवणारा, तोंडपूजा करून ताट मिळवणारा असे पात्र ग्रीक सुखात्मिकांत ठरलेले असे, आणि तो शब्द वनस्पतींना व किड्यांना पुष्कळ नंतर लागला. जीवशास्त्रात जाऊन तो परत माणसांकडे आला तेव्हा त्याच्यासोबत रोग, संसर्ग आणि निर्मूलन हे अर्थही आले. नाझी प्रचाराने ज्यू लोकांना राष्ट्राच्या शरीरातील परजीवी म्हटले, आणि आउशवित्झच्या छळछावणीत माणसे मारण्यासाठी जो विषारी वायू वापरला तो उवा आणि इतर कीटक मारण्यासाठी तयार केलेल्या औषधाचा होता. सोव्हिएत रशियात १९६१ मध्ये ‘परजीवी जीवन’ जगणाऱ्यांविरुद्ध हुकूम निघाला. त्याखाली १९६४ मध्ये लेनिनग्राडच्या न्यायालयाने जोसेफ ब्रॉडस्की या तरुण कवीला, कविता लिहिणे हे काम नव्हे असे मानून, पाच वर्षांच्या सक्तमजुरीसह हद्दपारीची शिक्षा दिली. दीड वर्षाने त्याची सुटका झाली, पुढे त्याला देश सोडावा लागला आणि १९८७ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल मिळाले. बेलारूसमध्ये तर २०१५ मध्ये, वर्षात १८३ दिवसांपेक्षा कमी काम केलेल्या नागरिकांवर कर बसवण्यात आला, ज्याला लोक ‘परजीवी कर’ म्हणत. आपल्याकडेही संसदेपासून चावडीपर्यंत विरोधकाला परजीवी म्हणणे आता नवे राहिलेले नाही.

मग दुसऱ्याच्या श्रमावर जगणारा कोणी नसतोच काय? असतो, आणि त्याविरुद्ध बोललेही पाहिजे. परंतु तेथे जीवशास्त्रातील मोजमापाची शिस्त उपयोगी पडते. नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात संत्री घेऊन आलेला शेतकरी हातात विक्रीच्या हिशोबाची पट्टी पडल्यावर हमाली, तोलाई अशा वजावटी पाहतो आणि मधल्या सर्वांना बांडगुळे म्हणतो. त्याचा राग समजण्यासारखा आहे. तरी प्रत्येकाविषयी वेगवेगळे विचारायला हवे की त्याने काय घेतले, त्या बदल्यात काय दिले, आणि तो नसता तर शेतकऱ्याच्या हाती जास्त पडले असते की कमी. गाडीतून पेट्या उतरवणाऱ्या हमालाने पाठीवर ओझे वाहिलेले असते, आणि त्याची हमाली हा त्याच्या कष्टाचा मोबदला असतो. माल विकून देणाऱ्या अडत्याने हंगामापूर्वी उचल दिली असेल, उधारीची जोखीम घेतली असेल, तर ती सेवा आहे आणि तिची किंमत जास्त आहे की रास्त, यावर वाद घालता येतो. त्याच उचलीच्या दडपणाखाली माल पडत्या भावाने घेतला असेल, तर ते शोषण आहे आणि ते पट्टीवरील आकड्यांनी दाखवता येते. मला शोषण हा शब्द म्हणूनच अधिक उपयोगाचा वाटतो. तो एका कृत्याचे नाव आहे. कृत्य सिद्ध करता येते, थांबवता येते, त्याची भरपाई मागता येते. एखाद्याला बांडगूळ म्हटल्यावर यांपैकी काहीच करायला उरत नाही, फक्त फांदी कापणे उरते.

घराच्या आत हा शब्द सौम्य रूप घेतो. न कमावणाऱ्या माणसाला ‘बसून खाणारा’ म्हटले जाते, आणि बहुतेक वेळा ती बाई असते, म्हातारा बाप असतो किंवा नोकरी न लागलेला मुलगा असतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये केलेल्या वेळवापर पाहणीत सुमारे ८१ टक्के स्त्रिया आणि २६ टक्के पुरुष बिनमोबदला घरकाम करताना आढळले. त्यांत ज्या स्त्रिया हे काम करत होत्या त्या दिवसाला सरासरी २९९ मिनिटे करत होत्या, आणि जे पुरुष करत होते ते ९७ मिनिटे. म्हणजे ‘बसून खाणारी’ बाई रोज जवळजवळ पाच तास असे काम करते, ज्याच्यावाचून कमावणाऱ्याला वेळेवर कामावर जाता येणार नाही. म्हाताऱ्या बापाचा हिशोब गेल्या चाळीस वर्षांचा काढावा लागेल, केवळ या महिन्याचा काढून चालणार नाही, आणि बेकार मुलाचा हिशोब काढताना तो ज्या नोकरीसाठी अर्ज करतो आहे तिला जागा किती आणि अर्जदार किती, हे आधी विचारावे लागेल.